कडैमडैपर्यंत पोचणारा करार

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात भोसले वंशाचा शिलालेख शोधतोच. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली बाबूराव चिटणिसांकडून लिहवून घेतलेला हा मजकूर भिंतीवर लांबच लांब पसरला आहे. आपली भाषा इतक्या दक्षिणेला दगडात कोरलेली पाहून ऊर भरून येतो. त्याच देवळापासून हाकेच्या अंतरावर एक कालवा वाहतो, त्याच्याकडे मात्र पाहुण्यांचे फारसे लक्ष जात नाही. गावकरी त्याला ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी म्हणतात. सरकारी कागदांत तो ग्रँड अनिकट कालवा आहे. मेट्टूर धरणाच्या योजनेबरोबर, १९३०च्या दशकात तो पुरा झाला. कल्लणईच्या प्राचीन बंधाऱ्यापासून निघून तंजावर शहरातून तो ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणीकडे जातो आणि कावेरीच्या जुन्या त्रिभुज प्रदेशाच्या कोरड्या कडेला पाणी देतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये या कालव्याच्या विस्तार व नूतनीकरणाच्या सुमारे २,६४० कोटी रुपयांच्या कामाची कोनशिला बसली.

कालव्याच्या तळाला काँक्रीट घालण्यावरून तिथल्या शेतकऱ्यांनी हरकत घेतली. तळ पक्का झाला तर पाणी जमिनीत मुरणार नाही आणि आसपासच्या कूपनलिका कोरड्या पडतील, ही त्यांची भीती होती. गळती थांबवल्याशिवाय शेवटच्या शेतापर्यंत पाणी जाणार नाही, हाही मुद्दा खोटा नव्हे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि त्यांचा निवाडा जलशास्त्राने करावा. मला इथे वाचकाचे लक्ष दुसरीकडे वळवायचे आहे. अशा प्रश्नावर गावात चर्चा सुरू होते तेव्हा त्याचे उत्तर बहुधा निविदेच्या परिमाणपत्रकात आधीच छापलेले असते. तळाला इतके घनमीटर काँक्रीट, दर अमुक. त्यात बदल करायचा म्हणजे करारात बदल करायचा, आणि त्या बदलाची किंमत ठेकेदार मागणार. लोकांचे म्हणणे ऐकण्याची वेळ निविदा निघण्याआधीची असते, आणि नेमके तेव्हा लोकांना काही ठाऊक नसते.

सार्वजनिक पैशाने होणाऱ्या बांधकामांच्या करारशर्ती हा या ग्रंथाचा विषय आहे. विषय रूक्ष वाटतो, हे मला मान्य नाही. पाटाला पाणी कधी येते, रस्त्याखाली मोरी कुठे असते, पूल पहिल्या पुरानंतर कोणी दुरुस्त करायचा, या सगळ्यांची उत्तरे शर्तींच्या पानांत असतात. ज्याला गावाचे राजकारण कळून घ्यायचे आहे त्याने निवडणुकीचे निकाल जरूर वाचावेत, पण एखाद्या कालव्याचा करारही वाचावा.

या अभ्यासाच्या दाराशीच एक पेच आहे. सार्वजनिक कामाच्या करारावर दोनच सह्या असतात. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्याच्या वतीने होणारा करार राज्यपालांच्या नावाने लिहिला जातो आणि अधिकार दिलेला अधिकारी त्यावर सही करतो. दुसरी सही ठेकेदाराची. ज्याच्या शेतात ते पाणी जाणार, ज्याच्या करातून तो पैसा आला, त्याची सही कुठेही नसते. आपल्याकडच्या करारकायद्याचा स्थायी नियम असा की करारात नसलेल्याला, काही अपवाद सोडले तर, त्या करारावर दावा लावता येत नाही. इंग्लंडने १९९९ साली स्वतंत्र कायदा करून त्रयस्थ लाभार्थ्याला मर्यादित हक्क दिला. आपल्याकडे १८७२ चाच कायदा चालू आहे आणि त्यात अशी तरतूद नाही. म्हणून पाट अर्धवट खणला तर शेतकरी ठेकेदाराला न्यायालयात खेचू शकत नाही. तो खात्याकडे अर्ज करतो, आंदोलन करतो, फार झाले तर उच्च न्यायालयात रिट याचिका करतो. हा तिसरा, सही नसलेला पक्ष डोळ्यांसमोर ठेवून शर्ती वाचायला शिकणे, हेच या विद्येचे खरे काम आहे असे मी मानतो.

कावेरीच्या मुखाकडच्या गावांत त्या पक्षाला एक नाव आहे. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला ‘कडैमडै’ म्हणतात. ‘कडैमडैपर्यंत पाणी पोचले का?’ हा तिथला दरवर्षीचा प्रश्न. मेट्टूरचे दरवाजे उघडले की तीन-चार दिवसांत पाणी कल्लणईला येते. तिथून कावेरी, वेण्णार, ग्रँड अनिकट कालवा आणि कोळ्ळिडम अशी वाटणी होते. पुढे फाटे, उपफाटे आणि शेवटी गावाचा ‘वाय्क्काल’, म्हणजे पाट. वेदारण्यम किंवा पेरावूरणीच्या बाजूच्या शेतकऱ्याला ते पाणी दिसायला आणखी बरेच दिवस लागतात, आणि वाटेत गाळ असेल तर दिसतही नाही.

दरवाजे उघडण्याची रूढ तारीख १२ जून आहे. ती ‘कुरुवै’ या लवकरच्या भातपिकासाठी आहे. त्यानंतर ‘सांबा’ आणि ‘ताळडी’. धरणात पाणी नसले तर तारीख पुढे जाते. २०१२ पासून सलग आठ वर्षे ती पाळता आली नाही आणि २०२४ साली दरवाजे उघडायला जुलैची २८ तारीख उजाडली. पाणी येण्याआधी पाटांतला गाळ काढायचा म्हणून दर उन्हाळ्यात सरकार खास काम काढते. २०२१ साली त्यावर सुमारे ६५ कोटी रुपये आणि चार हजार किलोमीटरहून थोडी अधिक लांबी होती. २०२२ साली ८० कोटी रुपये आणि जवळपास पाच हजार किलोमीटर. एवढी लांबी शेकडो लहान कामांत तोडून वाटायची, एप्रिल अखेरीस सुरू करायची आणि मेअखेर संपवायची, असा हा बेत असतो.

करारशर्तींचा अभ्यास सुरू करायला गाळासारखे दुसरे काम नाही. पूल उभा राहतो, त्याला हात लावून पाहता येते. काढलेला गाळ मात्र नसण्याने मोजायचा असतो. काम सुरू होण्याआधी ठराविक अंतरांवर पाटाचे आडवे छेद घेतात, त्यांच्या पातळ्या नोंदवतात. काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा पातळ्या घेतात. दोन्हींतला फरक म्हणजे काढलेला गाळ. हा फरक मोजमाप पुस्तिकेत चढतो आणि त्यावर बिल निघते. आता मध्येच पाणी आले तर? पाण्याखालचा तळ कोणालाच दिसत नाही. पुरावा तिथेच बुडतो. २०२२ साली धरणात भरपूर पाणी आल्याने दरवाजे २४ मे रोजीच उघडले गेले, स्वातंत्र्यानंतर प्रथमच जूनच्या आधी. शेतकऱ्यांसाठी ती आनंदाची बातमी होती. करारांचा अभ्यासक मात्र अशा वेळी वेगळे प्रश्न विचारतो. मुदत मेअखेरची असेल आणि पाणी आठवडाभर आधी आले तर उरलेल्या कामाचे काय? ठेकेदाराची चूक नाही, खात्याची नाही, पावसाचीही नाही. ही जोखीम कोणाच्या पदरात घातली आहे ते करारात स्पष्ट लिहिले नसेल, तर ती गुपचूप कडैमडैच्या शेतकऱ्याच्या पदरात पडते. त्याच्या पाटात गाळ राहतो आणि कागदावर काम झालेले असते.

माझे मत असे की अशा कामात अंतिम मोजणी गावातल्या पाणी वापरणाऱ्यांच्या समक्ष व्हावी, आधीच्या पातळ्या गावात जाहीर लावाव्यात आणि या दोन्ही गोष्टी सूचना म्हणून न राहता बिल मिळण्याची पूर्वअट म्हणून करारात याव्यात. शर्त आणि सूचना यांत फरक आहे. सूचना मोडली तर पत्र येते, शर्त मोडली तर पैसे अडतात.

मुदतीच्या कलमावर मराठी वाचकाला आपल्याच मातीतला खटला सांगतो. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडण्यासाठी जलसेतू बांधायचा होता. ५ जुलै १९५५ पासून बारा महिने अशी मुदत होती. काम वेळेत झाले नाही, सरकारने ऑगस्ट १९५६ मध्ये करार रद्द केला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७९ सालचा हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आजही या विषयात पायाभूत आहे. न्यायालयाने पाहिले की त्याच करारात उशिराबद्दल दररोजचा दंड होता आणि मुदतवाढीची तरतूदही होती. ज्या करारात उशीर होईल हे गृहीत धरून त्याची किंमत ठरवली आहे, त्यात ‘वेळ हा कराराचा गाभा आहे’ असे नुसते लिहून भागत नाही; सगळ्या शर्ती एकत्र वाचाव्या लागतात. सरकारने आधी नवी वाजवी मुदत देऊन मग करार रद्द करायला हवा होता.

निकाल न्याय्य आहे. जुलैच्या पावसात सुरू होणाऱ्या कामाच्या अडचणी ठेकेदाराच्या बाजूने न्यायालयाने ऐकल्या, हेही योग्यच. पण तोच निकाल घेऊन कावेरीकाठी या. तिथे १२ जूननंतर काढायचा गाळ म्हणजे पुढच्या वर्षीचा गाळ. दिवसाला अमुक रुपये दंड घेऊन त्या उशिराची भरपाई होत नाही, कारण कुरुवैचा हंगाम दंड भरून परत येत नाही. म्हणजे नाशिकच्या जलसेतूला लागू पडणारी मुदतीची रचना तंजावरच्या पाटाला जशीच्या तशी लावली तर ती चुकते. एकाच छापील मसुद्यावर सगळी कामे देण्याची आपल्या खात्यांची सवय इथे उघडी पडते. पाणी येण्यापूर्वी संपलेच पाहिजे असे काम असेल तर मुदतवाढीचे कलम तितके अरुंद ठेवायला हवे, कामाचे तुकडे लहान हवेत आणि कार्यारंभ आदेश वेळेवर निघायला हवा. शेवटची गोष्ट खात्याच्या हातातली आहे. आदेश उशिरा देऊन मुदत तीच ठेवायची, ही ठेकेदारावर आणि गावावर दोघांवरही अन्यायाची पद्धत आहे.

करार हा इंग्रजांनी आणलेला कागद आणि त्याआधी सगळे गोडीगुलाबीने चालत होते, अशी एक समजूत आहे. तंजावरचा इतिहास ती टिकू देत नाही. १७६०च्या दशकात, तुळजाजी राजांच्या वेळी, कावेरीच्या बांधावरून मोठा वाद झाला. बांधाची जागा त्रिचनापल्लीच्या हद्दीत, म्हणजे अर्काटच्या नबाबाच्या ताब्यात. पाणी जायचे तंजावरच्या शेतांना. बांध दुरुस्त करायचा हक्क तंजावरचा राजा सांगत होता आणि नबाब नाकारत होता. मद्रासच्या कंपनी सरकारला मध्ये पडावे लागले. काम कोणाच्या जागेत, खर्च कोणाचा, फायदा कोणाला आणि आत शिरण्याचा हक्क कोणाला, हे आजच्या कराराचे पहिले चार प्रश्न त्या वादात जसेच्या तसे आहेत. पुढे १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि नदीची जबाबदारीही गेली. कंपनीचा अभियंता आर्थर कॉटन याने १८३६ साली कोळ्ळिडमवर मुक्कोंबूचा वरचा बंधारा आणि खाली अणैक्करैचा बंधारा बांधून घेतला, कारण कोळ्ळिडम खोल होत चालली होती आणि कावेरीत गाळ भरत होता.

गावपातळीवर मात्र ‘कुडिमरामत्तू’ चाले. मरामत हा शब्द आपल्यालाही परका नाही. रयतेने आपल्या पाटाची डागडुजी आपल्या श्रमाने करायची, ही ती रीत. १८५८च्या मद्रास कायद्याने तिला सक्तीचे रूप दिले आणि कामावर न येणाऱ्याकडून वसुलीची तरतूद केली. या रीतीबद्दल अलीकडे फार गहिवरून लिहिले जाते. मला तसे लिहिता येत नाही. तंजावर हा मोठ्या मिरासदारांचा मुलूख. गावाने पाट खणला असे कागद म्हणतो तेव्हा फावडे बहुतेक वेळा भूमिहीन दलित शेतमजुराच्या हातात होते आणि पाणी दुसऱ्याच्या शेतात गेले. जुन्या तंजावर जिल्ह्यातल्याच कीळवेण्मणी गावात २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या लढ्यातून ४४ दलित माणसे जाळली गेली, हे विसरून ‘गाव’ हा एकजिनसी पक्ष धरता येणार नाही. आजही गाळ यंत्राने काढायचा की हाताने, या एका शर्तीत जमीनमालकाचे हित एकीकडे असते आणि मजुरीवर जगणाऱ्या बाईचे दुसरीकडे. करारात नसलेल्या पक्षाची बाजू घेताना त्या पक्षातही कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो, हे अभ्यासकाने पाहिलेच पाहिजे.

तमिळनाडू सरकारने २०१७ साली हेच जुने नाव देऊन नवी योजना आणली. पहिल्या टप्प्यात १०० कोटी रुपयांची सुमारे दीड हजार कामे होती. निविदा न काढता लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांच्या नोंदणीकृत संघांना ती द्यायची आणि खर्चाचा दहावा हिस्सा लोकांनी पैशाने किंवा श्रमाने घालायचा, अशी कल्पना. म्हणजे सही नसलेल्या पक्षाला थेट करारात आणण्याचा हा प्रयोग होता. म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे. नाव संघाचे आणि काम दुसऱ्याच ठेकेदाराचे, अशा तक्रारीही झाल्या. निविदेची शिस्त काढून टाकली की तिच्या जागी दुसरी शिस्त बसवावी लागते: संघाची सभा, ठराव, उघडा हिशेब. ती बसली तिथे काम चांगले झाले असेल, बसली नाही तिथे नुसती पळवाट उघडली. तमिळनाडूने १९९८ सालीच निविदांतील पारदर्शकतेचा कायदा केला होता. इतर अनेक राज्ये तेव्हा खात्याच्या परिपत्रकांवर कारभार चालवत होती. त्या कायद्याच्या चौकटीतून काय बाहेर ठेवायचे, हा निर्णय म्हणून हलका नाही.

आता रस्ता. विक्रवांडीहून कुंभकोणममार्गे तंजावरला येणारा राष्ट्रीय महामार्ग ३६ हा त्रिभुज प्रदेशाला तिरपा छेदून जातो. नद्या पश्चिमेकडून पूर्वेला जातात, रस्ता उत्तरेकडून नैर्ऋत्येला. म्हणजे तो वाटेतल्या प्रत्येक प्रवाहाला आडवा येतो. चौपदरीकरणातला सेतियातोप्पू ते चोळपुरम हा ५० किलोमीटरचा, २,३५० कोटींहून अधिक खर्चाचा टप्पा जुलै २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, त्यात कोळ्ळिडमवरचा एक किलोमीटर लांबीचा पूल आहे. हे काम ‘हायब्रिड ॲन्युइटी’ पद्धतीचे. २०१६ साली केंद्राने ही पद्धत स्वीकारली. बांधकाम चालू असताना सरकार प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के रक्कम टप्प्याटप्प्याने देते. उरलेले ६० टक्के कंपनी उभे करते आणि रस्ता झाल्यावर पंधरा वर्षांत सहामाही हप्त्यांनी सरकारकडून परत घेते. टोलची जोखीम सरकारकडे राहते, देखभाल कंपनीकडे. बांधणाऱ्यालाच पंधरा वर्षे रस्ता सांभाळायचा असेल तर तो काम नीट करील, हा यामागचा विचार आहे आणि तो मला पटतो. खड्डे पडले तर त्याच्याच हप्त्याला कात्री लागते.

पण त्रिभुज प्रदेशातल्या गावाला या करारात पाहायचे असते ते परिशिष्ट. नमुना करारात ‘परिशिष्ट अ’मध्ये जागेचे वर्णन असते आणि ‘परिशिष्ट ब’मध्ये काय बांधायचे त्याचा तपशील: कुठे पूल, कुठे मोरी, किती मीटर रुंद. सपाट भातखाचरांतून भरावावर रस्ता उचलला की तो बांधासारखा पाणी अडवतो. ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबरात, जिथे निचऱ्याची वाट बंद होते तिथे सांबाचे पीक पाण्याखाली सडते. ती वाट परिशिष्टात मोरी म्हणून नोंदलेली असली तर मिळते. नसली तर नंतर मागितलेली मोरी ही ‘कामाच्या व्याप्तीतील बदल’ ठरते. तिचा वेगळा खर्च, वेगळी मंजुरी, आणि तोवर दोन पावसाळे जातात. मूळ कराराची शंभर पाने कोणी गावात वाचून दाखवावीत असे मी म्हणत नाही. परिशिष्ट ब मधला मोऱ्यांचा तक्ता मात्र सही होण्याआधी प्रत्येक ग्रामसभेत ठेवणे शक्य आहे. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला पाणी कुठून उतरते हे सर्वेक्षणाच्या नकाशापेक्षा अधिक ठाऊक असते.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी रात्री मुक्कोंबूच्या वरच्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे कोळ्ळिडमच्या पुरात कोसळले. १८३६ सालचे बांधकाम, नदीला प्रचंड पाणी. त्यानंतर नव्या बंधाऱ्यासाठी सुमारे ३८७ कोटी रुपयांचे काम निघाले. नवे बांधणे करारात बसवणे सोपे असते. त्याची कोनशिला असते, छायाचित्र असते, दोषदायित्वाचा ठरावीक काळ असतो. जुने सांभाळणे करारात बसवणे अवघड. रोज दरवाजांना वंगण घालणे, वाळू वाहून जाऊन पायथा उघडा पडला का ते पाहणे, यासाठी आपल्या निविदा-व्यवस्थेत नीट घडवलेला नमुनाच नाही. अंदाजपत्रकातही देखभालीच्या तरतुदीला पहिली कात्री लागते. या ग्रंथाच्या वाचकांपैकी कोणी पुढे संशोधन करणार असेल तर त्याने हे क्षेत्र निवडावे. इथे मैदान मोकळे आहे आणि गरज तातडीची आहे.

बाहेरच्या जगाशी नाते कर्जातून येते. वेण्णार उपखोऱ्यातल्या नद्यांच्या कामांसाठी आशियाई विकास बँकेने २०१६ साली १० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. अशा कर्जाबरोबर करारांचे आंतरराष्ट्रीय नमुनेही येतात. त्यांचा मूळ झरा म्हणजे १९१३ साली स्थापन झालेला सल्लागार अभियंत्यांचा महासंघ, ‘फिडिक’. त्याचे पहिले लाल पुस्तक १९५७चे. जोखीम जो अधिक चांगली सांभाळू शकतो त्याच्याकडे ती द्यावी, वाद कामाच्या जागीच एका मंडळापुढे मिटवावेत, ही सूत्रे तिथे घासूनपुसून घडली. त्यांचा अभ्यास अवश्य करावा. पण ती सूत्रेही मालक आणि ठेकेदार या दोघांमधली आहेत. तिसऱ्या पक्षाच्या बाबतीत मला स्लोव्हाकियाचे उदाहरण अधिक शिकवणारे वाटते. तिथे २०११ पासून सार्वजनिक करार सरकारी संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्याशिवाय अमलातच येत नाही. प्रसिद्धी ही कृपा राहिली नाही, कराराच्या वैधतेची अट झाली.

मराठी वाचकाला या विषयाची ओळख नव्याने करून द्यायला नको. महात्मा फुल्यांनी स्वतः सरकारी बांधकामांचे ठेके घेतले होते आणि इंजिनियर खात्यातली लबाडी आतून पाहून पद्यात मांडली होती. आपल्याकडे बी-१, बी-२, सी ही निविदांच्या नमुन्यांची नावे तालुक्याच्या बांधकाम उपविभागात रोज उच्चारली जातात: पहिल्यात अंदाजपत्रकावर टक्केवारीने कमी-जास्त दर, दुसऱ्यात बाबवार दर, तिसऱ्यात ठोक रक्कम. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या विशेष चौकशी पथकाने २०१४ साली महाराष्ट्रातल्या सिंचन प्रकल्पांचा अहवाल दिला, तेव्हा मंजुरीनंतर वाढत जाणारी व्याप्ती आणि वाढत जाणारा खर्च हे विषय घरोघरच्या वर्तमानपत्रात आले. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून झालेल्या रमण दयाराम शेट्टी खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारने स्वतः लावलेली पात्रतेची अट सरकारलाही बांधते. एवढी सामग्री असून मराठीत या शाखेवर सलग लेखन फार थोडे आहे. वकिलांसाठी इंग्रजी पुस्तके आहेत, अभियंत्यांसाठी नियमावल्या आहेत. सरपंचासाठी, पाणीवापर संस्थेच्या सचिवासाठी, पत्रकारासाठी काही नाही. पुढची प्रकरणे त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कायद्याचे विद्यार्थी ती वाचतीलच.

वाचकांनी ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायला हरकत नाही, पण मी सुचवीन की मोजमाप आणि देयके हे प्रकरण आधी वाचावे. बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव, भाववाढीचे कलम, लवाद यांच्याकडे नंतर जावे. पैसा कशाच्या पुराव्यावर निघतो हे एकदा कळले की बाकीची कलमे आपोआप उलगडतात. प्रत्येक कलमापाशी थांबून विचारावे: हे मोडले तर कोणाचे नुकसान होते आणि त्याला ते वेळेत कळते का?

ते कळून घेण्याचे एक साधन आपल्या हातात आहे, आणि त्याचा पुरा वापर अजून झालेला नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यात कलम २ मधली व्याख्या फक्त कागदांच्या प्रतींपुरती नाही. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क तिच्यात नोंदलेला आहे. करारावर सही नसलेल्या माणसाला कायद्याने दिलेली ही सगळ्यांत जवळची जागा आहे. तुमच्या गावात सध्या जे काम चालू असेल, पाट, रस्ता, पाण्याची टाकी, त्याच्या कराराची प्रत, परिमाणपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची पाने मागा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. पाहणीची तारीखही त्याच अर्जात मागा, आणि काम पुरे होण्याआधी जा.